माउस ज्याच्या हातात, तो गप्प

माझ्या वहिनीला शाळेतली मुलं ‘भोंगा’ म्हणत. हे तिला माहीत होतं आणि त्यात तिला काही वावगं वाटत नसे. भोंगा वेळेवर वाजतो आणि सगळ्यांना ऐकू जातो, शिक्षकाने याहून वेगळं काय करायचं असतं, असं तिचं म्हणणं. ती भूगोल शिकवायची. तिने आपल्या वर्गात वाळवंट घेतलं की शेजारच्या दोन्ही वर्गांचं वाळवंट आपोआप होऊन जाई. पलीकडे गणित शिकवणाऱ्या सरांनी एकदा लसावि काढता काढता फळ्यावर ‘खारे वारे’ असं लिहिलं होतं. मुलांनी ते वहीत उतरवूनही घेतलं.

घरीही आवाज तोच, पण घरी त्याला कारण होतं. माझा थोरला भाऊ छापखान्यात मशीनवर आहे. मशीनच्या खडखडाटाने त्याचे कान अर्धे गेले. लग्न झालं तेव्हा दादाचे कान ठीक होते आणि वहिनीचा आवाजही चारचौघींसारखा होता. पुढे याचे कान उतरत गेले तसा तिचा आवाज चढत गेला. कोणी ठरवून केलं नाही. दादाला कानाचं यंत्र आणून दिलं होतं, ते कपाटात आहे. त्यातून म्हणे मशीनसारखीच घरघर येते, आणि ती सुट्टीच्या दिवशी कशाला ऐकायची. वहिनीचं मात्र त्याला यंत्राशिवाय सगळं ऐकू येई. जिन्याखाली माझं दुकान आहे, तिथे मलाही येई.

मी संगणक दुरुस्त करतो. म्हणजे लोक संगणक घेऊन येतात, मी तो बंद करून परत चालू करतो आणि बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतं. उरलेल्या वेळात मी गाव वसवायचा एक खेळ खेळतो. पडद्यावर मोकळी जमीन मिळते, एक नदी, एक टेकडी. त्यात आपण घरं बांधायची, रस्ते काढायचे, पाण्याची टाकी, शाळा, दवाखाना. मधूनच पाऊस येतो आणि आपली अक्कल काढतो. वहिनीच्या मते हा रिकामटेकडेपणा होता आणि हे मत तिने जिन्यावरून उतरताना सगळ्या इमारतीला कळवलेलं होतं.

मग तिचा आवाज गेला. वर्गात विषुववृत्त समजावता समजावता बसला तो उठलाच नाही. मिठाच्या गुळण्या झाल्या, गोळ्या चघळून झाल्या. शेवटी घशाच्या डॉक्टरांनी आत नळी घालून पाहिलं आणि स्वरतंतूंवर गाठी आहेत म्हणून सांगितलं. ऑपरेशन करायचं. त्यानंतर काही आठवडे एक अक्षर बोलायचं नाही, मग हळू आवाजात थोडं थोडं. जोरात मात्र पुन्हा कधीच नाही. वहिनीने कागदावर लिहून विचारलं, ‘जोरात म्हणजे किती?’

“आजवर बोलत होता ना, त्याला जोरात म्हणतात,” डॉक्टर म्हणाले. त्यांचा दवाखाना शाळेच्या मागेच होता, तिचं वाळवंट त्यांनीही आत बसून ऐकलं होतं.

शाळेच्या मुख्याध्यापिकांना सगळे मोठ्या बाई म्हणतात. त्यांचा आवाज मूळचाच मऊ. त्या काय म्हणाल्या ते समजायला जरा वेळ लागतो आणि समजल्यावर बसायला खुर्ची लागते. ऑपरेशननंतर वहिनी शाळेत गेली तेव्हा त्यांनी तिला चहा दिला आणि म्हणाल्या, कार्यालयात एक टेबल रिकामं आहे, शाळा सोडून जाणाऱ्या मुलांचे दाखले तयार करायचे, तिथे बोलायची गरजच पडत नाही. वर्गावर दुसऱ्या बाई येतील.

वहिनी घरी आली. तिने पाटीवर लिहिलं, ‘मी दाखले देणार नाही.’ खाली दोन रेघा ओढल्या. दुसऱ्या दिवशी ती पाटी घेऊनच शाळेत गेली. मोठ्या बाईंनी ती वाचली आणि ठीक आहे म्हणाल्या. सहामाहीपर्यंत वर्ग तुमच्याकडे. सहामाहीच्या आधी मी स्वतः येऊन वर्गात बसेन. चालत असेल तर चालू दे, नसेल तर टेबल आहेच.

मला वहिनीची काळजी वाटायला लागली ती तेव्हापासून. तिला दम लागला, ताप आला, पाय मोडला तरी ती वर्गात जायची. वर्गाशिवाय वहिनी म्हणजे काय, हे मला डोळ्यांपुढे आणता येत नव्हतं आणि आणायचंही नव्हतं.

ती दुकानात आली आणि पाटी पुढे केली. ‘भावजी, माझ्याऐवजी बोलणारं काहीतरी द्या.’

असं यंत्र असतं. आपण अक्षरं टाइप करायची, संगणक ती वाचून दाखवतो. मी तिला तसं करून दिलं. आवाज एका बाईचा, गोड, पण सगळ्यासाठी एकच. नद्यांची उगमस्थानं ज्या गोडीने सांगे त्याच गोडीने ती बाई म्हणे, “मागच्या बाकावर काय चाललंय, कान उपटीन.” मुलांना हे फार आवडलं. मुलं मुद्दाम दंगा करून कान उपटून घ्यायला रांगेत उभी राहू लागली. शिवाय वहिनीच्या टाइप करण्याचा वेग असा, की दंगा करणारा मुलगा जागेवर जाऊन शहाण्यासारखा बसला तरी त्याचं रागावणं मागाहून येत असे. आठवड्याभरात तिने ते यंत्र मला परत आणून दिलं. पाटीवर काही लिहिलं नाही, त्यावरून मी काय ते समजलो.

ती परत द्यायला आली तेव्हा माझा खेळ चालू होता. तिने नेहमीप्रमाणे नाक मुरडलं आणि नेहमीप्रमाणे निघून गेली नाही. स्टूल ओढून बसली. थोड्या वेळाने तिने माझ्या हातातून माउस काढून घेतला.

पुढचे काही दिवस शाळा सुटली की ती येऊन बसायची आणि माझी गिऱ्हाइकं तिच्या पाठीशी बोलायची. तिची गावं एकजात वाहून जात होती. ती नदीच्या अगदी काठावर घरं मांडायची, ओळीने, सुबक. पाऊस आला की गाव साफ. परत नवीन जमीन, परत काठावर घरं, परत सफाई. मी म्हटलं, “वहिनी, जरा लांब बांध ना.”

तिने पाटीवर लिहिलं, ‘मानवी वस्ती नदीकाठी वसली. पुस्तकात आहे.’

“खेळ बनवणाऱ्याने पुस्तक वाचलेलं नसेल,” मी म्हटलं.

तिने बराच वेळ पडद्याकडे पाहिलं. मग लिहिलं, ‘वाचलंय. पुढचा धडाही वाचलाय.’ पुढचा धडा पुराचा होता. तिने तो इतकी वर्षं शिकवला होता, दरवेळी तेवढ्याच मोठ्याने, पण नदीचा धडा संपल्यावर, चाचणी घेऊन, वेगळा. या धड्यातली नदी त्या धड्यातल्या गावात कधी शिरलीच नव्हती. वहिनीने पाटी पुसली. त्या दिवशी तिने गाव टेकडीच्या उतारावर बसवलं आणि ते जगलं. घरी जाताना ती मला काही न लिहिता हसली, हे मला पाटीपेक्षा जास्त वाटलं.

शाळेत संगणकांची एक खोली होती. तिला कुलूप होतं आणि संगणकांना झालरीची कापडी झाकणं होती. मुलं बाहेर चपला काढून आत जात, झाकणांकडे पाहत आणि परत येत. वहिनीने किल्ली मागून घेतली, मी तिथे जाऊन खेळ बसवला. यंत्रं जुनी, पाऊस यायला मिनिटभर विचार करायची, पण यायचा.

पहिल्या दिवशी वर्गाचा बाजार झाला. एका संगणकापाशी पाच-सहा मुलं आणि माउस एक. जो तो माउस ओढतो आहे आणि ओरडतो आहे, “इकडे रे, इकडे नाही, तिकडे, अरे तिकडे.” वहिनी पूर्वीची असती तर एका हाकेत हाताची घडी, तोंडावर बोट झालं असतं. तिने डस्टर आपटलं, ते कोणी ऐकलं नाही. घरी येऊन ती भिंतीकडे तोंड करून झोपली. दादा तिच्या उशाशी बसून राहिला. दोघंही गप्प, पण दादाचं गप्प बसणं नेहमीचं आणि तिचं नवं.

दुसऱ्या दिवशी तिने फळ्यावर नियम लिहिला. माउस ज्याच्या हातात, तो गप्प. बाकीच्यांनी सांगायचं, पण माउसला हात लावायचा नाही. ‘इकडे’ आणि ‘तिकडे’ हे शब्द बंद. घंटी वाजली की माउस पुढच्याकडे. प्रत्येकाची पाळी यायलाच हवी, गप्प बसायचीही आणि बोलायचीही.

हा नियम तिला कुठून सुचला हे मी विचारलं नाही. ज्याच्या हातात काम आहे आणि तोंडाला कुलूप आहे, अशी ती घरात एकटीच होती.

नियम लागला तो दाताखालच्या खड्यासारखा. ‘तिकडे’ म्हणायचं नाही म्हटल्यावर मुलांची बोबडीच वळली. मग हळूहळू एकेकाला शब्द सापडू लागले. उत्तरेला. वळणाच्या आतल्या बाजूला. टेकडीच्या पायथ्याला नको, उतारावर. माउसवाला चुकीच्या जागी घर ठेवी आणि त्याला ‘मला तसंच वाटलं’ असं म्हणताही येत नसे, म्हणून सांगणाऱ्यालाच नीट सांगावं लागे. वर्गात गलका होता, पण तो नद्या आणि दिशांचा होता. एका गटात एक मूल कमी होतं, तिथे वहिनी स्वतः बसे. तिच्या वाट्याला माउस आला की ती घेई. बोलायची पाळी आली की मान हलवून पुढे ढकली. त्या गटात दोन वेण्यांची एक मुलगी होती. तिच्या जिभेला हाड नाही असं सगळे शिक्षक म्हणत. ती म्हणाली, “बाई, तुम्ही नेहमी गप्पवालीच पाळी घेता.” वहिनीने गळ्याकडे बोट दाखवलं. मुलगी तेवढ्यापुरती गप्प बसली.

खरं तर तोवर डॉक्टरांनी हळू बोलायला परवानगी दिली होती. वहिनीने पहिल्यांदा आवाज काढला तो गॅसवाल्याला फोन करताना. सिलिंडर पाठवा, एवढंच म्हणाली. पलीकडून तो म्हणाला, “बेटा, घरात कोणी मोठं आहे का?” तिने फोन ठेवला आणि पुन्हा पाटी उचलली. खरोखरच आवाज तसा झाला होता. बारीक, कापरा, दुसऱ्याच कुणाचा तरी. मी म्हटलं, “अगं, डॉक्टर बोल म्हणालेत.” तिने लिहिलं, ‘हा आवाज घेऊन मी वर्गात जाणार नाही. हसतील.’

आता दादाही पाटी वाचत होता. ऐकू येण्याचा प्रश्नच मिटला, तसं पाहिलं तर सोयीचंच. पण एकदा तो दुकानात येऊन उगीच उभा राहिला आणि म्हणाला, “घर फार शांत झालंय रे.” अर्धे कान गेलेल्या माणसाने हे सांगावं म्हणजे शांतता किती असेल बघा.

मोठ्या बाई येणार त्या दिवशी सकाळीच एक संगणक बसला. मला बोलावणं आलं. मी टेबलाखाली शिरून वायरी तपासत होतो, एवढ्यात तास सुरू झाला आणि मोठ्या बाईही आल्या. आता बाहेर पडलो तर वर्गाचा विचका होईल म्हणून मी तिथेच राहिलो. त्यामुळे पुढचं सगळं मी पायांवरून पाहिलं आणि कानांनी ऐकलं.

शिपायाने, कोणी मोठं येणार म्हणून, शोभेसाठी फळ्यावर जगाचा भलाथोरला नकाशा टांगला होता. नियम त्याच्यामागे गेला. मोठ्या बाईंना तो दिसलाच नाही. त्या पहिल्या टेबलापाशी गेल्या आणि साहजिकच, जो मुलगा माउस धरून काम करताना दिसत होता त्याला विचारलं, “बाळ, पूर कशाने येतो?”

बाळ गप्प. माउस त्याच्या हातात होता.

त्या पुढच्या टेबलापाशी गेल्या. तिथेही माउसवालीलाच विचारलं. तीही गप्प. बाकीच्यांना उत्तर येत होतं, पण मोठ्या बाई जवळ आल्या की तोंड मिटायचं, हे मुलांना पहिलीपासून पढवलेलं. बाई पुढे सरकतील तसतसा गलका विझत गेला. तिसऱ्या टेबलापाशी त्यांनी मुलाला नुसतं नाव विचारलं. त्याने तेही सांगितलं नाही. सगळ्या खोलीत अळीमिळी गुपचिळी.

मोठ्या बाईंनी लांब श्वास घेतला. “बाई,” त्या मऊपणे म्हणाल्या, “तुमचा आवाज गेला, ते मी समजू शकते. मुलांचा कसा गेला?”

मला खुर्ची लागली असती, पण मी आधीच जमिनीवर होतो. वहिनीचे पाय माझ्यासमोर होते. तिने एक पाऊल फळ्याकडे टाकलं, नकाशा हलल्याचा आवाज झाला, पण नकाशा मोठा आणि खिळा मजबूत. संपलं, असं मला वाटलं. दाखल्यांचं टेबल मला दिसायला लागलं.

तेवढ्यात दोन वेण्यांची मुलगी म्हणाली, “मोठ्या बाई, तुम्ही बसा ना आमच्यात. खेळून बघा.”

मोठ्या बाई माझ्या डोक्यावरच्या टेबलापाशी बसल्या. मी तोवर यंत्र चालू केलं होतं आणि सैल झालेला प्लग हाताने दाबून धरला होता. बाईंनी माउस घेतला आणि विचारलं, “आता काय करायचं?”

“आता बोलायचं नाही,” मुलगी म्हणाली. “माउस ज्याच्या हातात, तो गप्प. आम्ही सांगणार.”

मोठ्या बाई क्षणभर थांबल्या असाव्यात. पण नियम म्हटला की त्या पाळतात, मग तो कोणाचाही असो. त्या गप्प बसल्या आणि मुलांना वाचा फुटली. घरं उत्तरेच्या उतारावर. टाकी सगळ्यात उंच. वळणावर काहीच नको, तिथे पाणी आधी चढतं. मोठ्या बाईंनी काहीतरी चुकवलं, तर एक मुलगा म्हणाला, “पश्चिमेला म्हटलं बाई, हे पूर्व झालं.” बाईंनी निमूटपणे दुरुस्त केलं. बाकीच्या टेबलांवरही गलका परत सुरू झाला.

“आता शाळा,” मुलगी म्हणाली. “शाळा कुठे ठेवायची ते बाई सांगणार. बाई, आज तुमची बोलायची पाळी. तुम्ही प्रत्येक वेळी टाळता.”

 मोठ्या बाईंची खुर्ची वळली. त्यांना काही म्हणायचं होतं, पण माउस त्यांच्या हातात होता. मला समोर वहिनीचे पाय दिसत होते. उजव्या पायाचा अंगठा डाव्या पायावर घासत होता. प्लग माझ्या मुठीत होता. बोटं सैल केली की पडदा काळा, यंत्र बसलं म्हणून खेळ संपला, वहिनी सुटली. मी बोटं सैल करणारच होतो.

“नदीपासून लांब,” वहिनी म्हणाली.

तो बारीक आवाज. कोणी हसलं नाही. पलीकडच्या टेबलावरून एका पोराने विचारलं, “बाई, ऐकू नाही आलं. परत सांगा ना.” त्यात खोडी नव्हती. खुर्च्या सरकल्या. एकेक करत सगळी मुलं उठून आमच्या टेबलाभोवती आली. माझ्या चारी बाजूंना मोजे आणि अनवाणी पाय झाले आणि मला वहिनीचे पाय दिसेनासे झाले.

“नदीपासून लांब,” ती पुन्हा म्हणाली. “पूर्वेच्या उंचवट्यावर. रस्ता मात्र ओढ्याकडून नका काढू. का, सांगा बघू?”

“पाणी रस्त्यावरूनच आत येईल,” तीन-चार जण म्हणाले. ओरडले नाहीत. तिचा आवाज चुकायला नको म्हणून सगळ्यांनी आपापला खाली उतरवला होता.

मोठ्या बाईंनी शाळा ठेवली. पाऊस आला, मिनिटभर विचार करून. वळण बुडालं, खालचा पूल गेला, पाणी उंचवट्याच्या पायथ्याशी येऊन थांबलं. एका पोराने आनंदाने टेबलावर थाप मारली, ती माझ्या डोक्यात बसली. मी प्लग सोडला नाही. मला रडू येत होतं. टेबलाखाली होतो म्हणून कोणाला दिसलं नाही.

घंटी झाली तरी मोठ्या बाई माउस धरून गप्पच होत्या. शेवटी मुलीने सांगितलं, “सोडा आता बाई, पाळी संपली.”

त्यांनी सोडला. “तुम्हाला बोलता येतं की,” त्या वहिनीला म्हणाल्या.

“एवढंच येतं,” वहिनी म्हणाली.

“मला ऐकू आलं.” मोठ्या बाई उठल्या. “दाखल्यांसाठी मी दुसरं कोणीतरी बघते. आणि बाई, मी तर शाळा काठावरच ठेवणार होते. तिथून नदी छान दिसली असती.” दाराशी जाऊन त्या थांबल्या. “टेबलाखालच्या गृहस्थांना आता बाहेर यायला सांगा.”

संध्याकाळी वहिनी आणि मी वर गेलो तेव्हा दादा छापखान्यातून येऊन बसला होता. दिवसभर त्याच्या मनात तेच असणार. “काय झालं?” त्याने विचारलं आणि पाटी पुढे केली. वहिनीने पाटी घेतली आणि टेबलावर पालथी ठेवली.

“वर्ग माझ्याकडेच राहिला,” ती म्हणाली.

दादा तिच्या ओठांकडे पाहत राहिला. त्याला काही ऐकू आलं नव्हतं. मी पुढे होऊन मोठ्याने म्हणालो, “दादा, अरे वर्ग...”

“तू थांब,” दादा म्हणाला. “तिला सांगू दे.” त्याने कपाट उघडलं, मागच्या बाजूला हात घालून कानाचं यंत्र काढलं, शर्टाला पुसून कानात घातलं. मग आपली खुर्ची ओढत ओढत तिच्या खुर्चीला टेकवली आणि बसला.

वहिनीने त्याला पुन्हा सांगितलं.